ऑनलाइन क्विझमध्ये गाणं वाजवलं की आवाज गायब, व्हिडिओ ब्लॉक, आणि तेही दरवेळी: कारण काय, उपाय काय

गणपती असोत, कोजागिरी असो, मराठी भाषा दिन असो, 'गाणं ओळखा' क्विझ ठेवली की दोन दिवसांत कोणाचा तरी मेसेज येतोच. लाइव्ह मध्येच बंद पडलं, रेकॉर्डिंगमधला आवाज म्यूट झाला, अमेरिकेतल्या मावशीला व्हिडिओ दिसत नाही, आता काय करू? आणि त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले, क्लिप १० सेकंदांची कर, पिच थोडा वर घे, खाली डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दे. यातला एकही सल्ला उपयोगाचा नाही, म्हणूनच प्रॉब्लेम पुढच्या क्विझला परत येतो. मी मंडळासाठी अशा क्विझ बनवते आणि चालवते, हाच प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, म्हणजे बाकी सगळं सोपं जाईल. इथे दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात, एक प्लॅटफॉर्मचं मशीन (गाणी आपोआप ओळखणारी त्यांची यंत्रणा) आणि दुसरा कायदा. मशीनने पकडलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून मशीन तुम्हाला सोडेल असंही नाही. लोक मशीनला चकवायच्या मागे लागतात आणि कायद्याचं बघायचं राहून जातं, किंवा उलट, 'आम्ही तर ना नफा ना तोटा वाले' म्हणून कायद्याच्या भरवशावर बसतात आणि मशीन ऐन रंगात आलेलं लाइव्ह बंद करतं.

आधी बघा नक्की काय झालंय

झूमवर गाणं तुटक येतंय, मधेच गुल होतंय, तर तो कॉपीराइटचा प्रश्न नाहीच. मीटिंग चालू असताना झूम गाणी ओळखून कापत बसत नाही. तुमचं गाणं खातो तो नॉइज सप्रेशन, त्याला माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचं काढायचं एवढंच माहीत, त्यामुळे तबला, बासरी, तंबोरा सगळं तो पंख्याच्या आवाजासारखं पुसून टाकतो. स्पीकरवर गाणं लावून लॅपटॉपच्या माइकमधून पाठवत असाल तर हे होणारच. शेअर स्क्रीन करताना 'शेअर साउंड'वर टिक करा, आणि कोणी स्वतः गाणार किंवा वाजवणार असेल तर त्यांना सेटिंगमधून 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करायला सांगा. ओटीटीवरचा सीन शेअर केला आणि समोरच्यांना फक्त काळा चौकोन दिसला तर ते त्या अॅपचं कॉपी-संरक्षण आहे, त्यावर जुगाड शोधू नका.

यूट्यूबचं मात्र वेगळं. तिथे मेल आला की घाबरायच्या आधी शब्द वाचा, क्लेम लिहिलंय का स्ट्राइक. कन्टेन्ट आयडी हे यूट्यूबच्या मशीनचं नाव, त्याचा क्लेम म्हणजे मशीनला तुमच्या व्हिडिओत कोणाच्या तरी मालकीचं गाणं सापडलं आणि त्या मालकाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कारवाई झाली. कारवाई तीन प्रकारची असते, नुसतं लक्ष ठेवायचं, जाहिराती लावून पैसे मालकाकडे वळवायचे, किंवा ब्लॉक करायचं. ब्लॉकसुद्धा सगळीकडे किंवा काही देशांपुरतं असू शकतं, मावशीला न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. क्लेममुळे चॅनलवर काळा डाग पडत नाही.

स्ट्राइक गंभीर. मालकाने रीतसर कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक येते. ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनल बंद होऊ शकतं, आणि मंडळाच्या चॅनलवर वीस वर्षांचे कार्यक्रम, गेलेल्या माणसांच्या मुलाखती, काय काय असतं, ते सगळं त्याच्याबरोबर जातं. एका गाण्याच्या राउंडसाठी हा धोका घेऊ नये असं माझं अगदी ठाम मत आहे.

लाइव्हचं मशीन अजून कडक. गाणं सापडलं की आधी तुमच्या चित्राच्या जागी दुसरंच एक स्थिर चित्र येऊ शकतं आणि गाणं थांबवा अशी सूचना येते, थांबवलं तर लाइव्ह पुढे चालू राहतं, नाही थांबवलं तर बंद. चालू लाइव्ह कॉपीराइटसाठी काढून टाकलं गेलं तर ७ दिवस लाइव्हची सोयच बंद होऊ शकते. दोन दिवसांची स्पर्धा असेल तर दुसरा दिवस गेलाच म्हणून समजा. म्हणून क्विझ चालवताना एक माणूस फक्त यूट्यूब स्टुडिओच्या स्क्रीनकडे बघायला बसवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर राइट्स मॅनेजर नावाचं असंच मशीन आहे. मेटाच्या संगीताच्या नियमांचं सार साधारण असं, की संगीत हाच व्हिडिओचा मुख्य हेतू नसावा, तुकडे छोटे असावेत, सोबत बघण्यासारखं काही असावं, आणि एकामागून एक रेकॉर्ड केलेली गाणी जितकी जास्त तितकी गदा यायची शक्यता जास्त. आता 'गाणं ओळखा' क्विझ म्हणजे तासभर एकामागून एक रेकॉर्ड केलेली गाणीच की! त्यामुळे तिथे आवाजात मधे मधे भोकं पडतात.

३० सेकंद, १० सेकंद, क्रेडिट वगैरे

३० सेकंदांपर्यंत चालतं असा नियम भारतीय कायद्यात नाही, अमेरिकेच्या कायद्यातही नाही. १० सेकंदांचाही नाही. काही सेकंदांच्या तुकड्यावरही क्लेम येतो आणि क्विझसाठी तर आपण मुद्दाम गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडाच उचलतो, सुरुवातीचा पीस नाहीतर मुखडा, म्हणजे मशीनला पण ओळखायला तोच सगळ्यात सोपा.

'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही, सर्व हक्क मूळ मालकांचे' असं लिहिल्याने काहीही होत नाही, उलट गाणं दुसऱ्याचं आहे हे तुम्हीच लिहून दिलंत. पिच वाढवणं, वेग बदलणं, वर टाळ्यांचा आवाज टाकणं, हे कधी चालतं कधी नाही, आणि समजा आज चाललं तरी मशीनमध्ये नवीन नमुने सतत भरत असतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर आज क्लेम येतो. व्हिडिओ अनलिस्टेड किंवा प्रायव्हेट ठेवला तरी स्कॅन होतोच. आणि स्पॉटिफाय प्रीमियम घेतलंय, सीडी विकत आणली आहे, जुन्या गाण्यांचा कॅरव्हॅन रेडिओ आहे घरी, हे सगळं तुमच्या स्वतःच्या ऐकण्यापुरतं. लोकांना ऐकवायचा हक्क त्या पैशांत येत नाही.

कायदा नक्की काय म्हणतो

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात मोठा बदल २०१२ साली झाला. क्विझवाल्यांनी समजून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे एका गाण्यात तीन वेगवेगळे कॉपीराइट असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. (करारानुसार मालक बदलतात, पण वस्तू तीनच.) शिवाय गायक-वादकांचे कलाकार म्हणून हक्क वेगळे. तुम्ही ओरिजिनल क्लिप वाजवता तेव्हा तिन्हीला हात लागतो, हार्मोनियमवर चाल वाजवता तेव्हा फक्त चालीला, आणि ओळ वाचून दाखवता तेव्हा फक्त शब्दांना. पुढचे सगळे उपाय याच्यावर उभे आहेत.

कलम ५२ मध्ये सवलती आहेत, आणि त्या वाचल्या की मंडळवाल्यांना हुरूप येतो, पण नीट वाचा. वैयक्तिक, खाजगी वापर चालतो, म्हणजे चुलत-मावस सगळी भावंडं रविवारी झूमवर जमून गाणी ओळखतायत, रेकॉर्डिंग कुठे टाकत नाहीत, तर निवांत खेळा. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात वापरलं, परीक्षेच्या प्रश्नात वापरलं, तर त्याला सूट आहे. म्हणजे संगीत शिकवणाऱ्या बाईंनी गूगल मीटवर आपल्याच वर्गाला बंदिशीचा तुकडा ऐकवून राग विचारला तर त्यांना या सवलतीचा चांगला आधार आहे, पण तोच तास शाळेच्या चॅनलवर जगजाहीर टाकला तर तो वर्ग राहत नाही. शाळेच्या कार्यक्रमाची पण सूट आहे, तिथेही प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच.

मग सोसायटी आणि मंडळ. रहिवाशांच्या सामाईक हॉलमध्ये रहिवाशांसाठी रेकॉर्डिंग वाजवलं किंवा नफ्यासाठी नसलेल्या क्लबने आपल्या कार्यक्रमात वाजवलं तर कायदा ते उल्लंघन मानत नाही. हे वाचून लोक म्हणतात, झालं, आपण तर धर्मादाय नोंदणीवाले! थांबा. ही सूट रेकॉर्डिंग 'ऐकवण्याची' आहे. तुम्ही क्विझचा व्हिडिओ करून इंटरनेटवर ठेवता तेव्हा त्या गाण्याची कॉपी व्हिडिओत बनते आणि ती जगात कुठेही, कोणालाही, कधीही ऐकता येते. कॉपी करून नेटवर ठेवायची परवानगी त्या ओळीत नाही. म्हणजे हॉलमध्ये जी क्विझ कायदेशीर, तीच क्विझ त्याच रात्री यूट्यूबवर गेली की वेगळ्या जागी जाऊन बसते. ९० टक्के गोंधळ या एका फरकामुळे होतो असं मला वाटतं.

आणि त्यात स्पॉन्सरचा लोगो आला, तिकीट आलं, नोंदणी शुल्क आलं, की 'नफ्यासाठी नाही' हे म्हणणंसुद्धा पातळ होतं.

छोट्या वापराबद्दल कोर्ट काही म्हणालंय का, तर हो. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात गाण्याच्या शब्दांचा अगदी क्षुल्लक वापर असेल तर कायद्याने तिकडे लक्ष द्यायची गरज नाही असं तत्त्व लावलं, आणि ते ठरवताना नुकसान किती, हेतू काय अशा गोष्टी बघायच्या म्हटलं. सेकंदांचा आकडा मात्र दिला नाही. शिवाय एक ओळ बोलण्याच्या ओघात येणं वेगळं आणि तासाभरात ४० ओरिजिनल क्लिपा वाजवणं वेगळं, दुसऱ्याला क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अजून एक येतं नेहमी, की रेडिओवाले ठरलेला दर भरतात आणि वाजवतात, आपणही भरू. रेडिओ-टीव्हीसाठी कायद्यात तशी सोय आहे, कलम ३१डी. पण इंटरनेट स्ट्रीमिंगला ती लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने टिप्स (म्युझिक कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं स्ट्रीमिंग अॅप) प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं.

शिक्षेचं पण सांगते कारण विचारतात, कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. मंडळाच्या क्विझची गोष्ट सहसा क्लेमवरच थांबते, पण म्हणून हक्क कोणाचाच नाही असं समजू नका. २०१२ च्या दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा पक्का करून मिळाला, त्यासाठी कित्येकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. ज्यांच्या गाण्यांवर आपण क्विझ करतो त्यांच्याच घरी जाणारे पैसे आहेत ते.

जुनी गाणी तरी मोकळी आहेत ना?

काही आहेत, पण हिशोब करावा लागतो. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचा. रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, तसाच मोजायचा.

आता गदिमांचे शब्द आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल असलेली १९५५ साली निघालेली एखादी तबकडी घ्या. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट २०१५ अखेर संपला. गदिमा गेले डिसेंबर १९७७ मध्ये, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके गेले २००२ मध्ये, चाल २०६२ अखेरपर्यंत. एकच तबकडी आणि तीन तारखा. 'जुनं आहे, चालतंय' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवा.

अभंगांचंही तसंच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली चाल त्यांची आणि खळे गेले २०११ मध्ये. भा. रा. तांब्यांची कविता मोकळी आहे, ते १९४१ मध्येच गेले, पण त्या कवितेला नंतर लागलेली लोकप्रिय चाल मोकळी नाही.

पूर्ण मोकळा खजिना हवा असेल तर संगीत नाटकांकडे वळा, याचा मला मनापासून आनंद आहे कारण नव्या मुलांच्या कानावर ते फारसं पडत नाही. 'मानापमान' १९११ चं. शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, ते गेले १९४८ मध्ये. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते गेले १९५५ मध्ये. बालगंधर्वांच्या १९३० च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. भारतात शब्द, चाल, रेकॉर्डिंग, तिन्हींची मुदत संपलेली. पूर्ण राउंड त्यावर करता येतो. फक्त आवाज जुन्या तबकडीवरूनच घ्या, कोणीतरी नव्याने गायलेली किंवा नवा वाद्यमेळ घातलेली आवृत्ती घेतलीत तर तिचं रेकॉर्डिंग नवीनच धरलं जातं.

आणि बाहेरच्या मंडळांसाठी महत्त्वाचं: ही भारतातली मोजणी झाली. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या रेकॉर्डिंगना प्रकाशनापासून १०० वर्षं आणि १९४७ ते १९५६ मधल्यांना ११० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे १९३४ ची तबकडी पुण्यात मोकळी आणि न्यू जर्सीत नाही. तिकडच्या मंडळाने इकडचा हिशोब लावून लाइव्ह करू नये. तिकडे 'फेअर यूज' (परवानगीशिवाय योग्य तेवढ्या वापराची मुभा) आहे हे खरं, पण ते कोर्टात चार निकषांवर तपासलं जातं, आपण आपलंच स्वतःला द्यायचं सर्टिफिकेट नव्हे.

मग क्विझ करायची कशी

माझं म्हणणं एका वाक्यात: रेकॉर्डिंग स्ट्रीममध्ये जाऊच देऊ नका, प्रश्न बदला. आणि प्रश्न बदलला की क्विझ जास्त चांगली होते, हे मी अनुभवाने सांगते.

'हे गाणं कोणतं' हा खरंतर सगळ्यात सोपा प्रश्न, ज्याला येतं तो पहिल्या दोन सुरांत बझर दाबतो आणि बाकीचे बघत बसतात. त्याऐवजी माहितीवर प्रश्न काढा. कोणी लिहिलं, कोणी बांधलं, कोणत्या रागावर आधारलंय, मूळ कविता आणि गाणं यात कोणतं कडवं गाळलंय. माहितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. एखादी ओळ वाचून 'पुढचा शब्द सांगा' विचारलं तर फक्त शब्दांना आणि तेही अगदी थोडा स्पर्श होतो. मात्र अख्खं कडवं स्क्रीनवर छापू नका.

हार्मोनियम, बासरी, माउथ ऑर्गन वाजवणारं कोणीतरी प्रत्येक मंडळात असतंच, त्यांच्याकडून चार-पाच सुरांचा तुकडा वाजवून घ्या. चालीचा हक्क राहतो आणि मशीन चालसुद्धा ओळखू शकतं हे खरं, पण कंपनीच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो, आणि सगळ्यात कटकट त्याचीच असते. कव्हर केलं म्हणजे आपलं झालं असं मात्र नाही, कव्हरसाठी, म्हणजे गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, कायद्यात कलम ३१सी आहे, मूळ रेकॉर्डिंगच्या पाच वर्षांनंतर, नोटीस देऊन, रॉयल्टी भरून. चार सूर वाजवणं वेगळं आणि अख्खं गाणं नव्याने गाऊन अपलोड करणं वेगळं. ओव्या, भोंडल्याची गाणी, आरत्या पारंपरिक चालीवर स्वतः म्हणा, तिथे सगळंच मोकळं.

ओरिजिनल क्लिप ऐकवायचीच असेल तर कंपनीच्या अधिकृत चॅनलवरची लिंक वापरा. गूगल फॉर्म्समध्ये प्रश्नाच्या जागी यूट्यूब व्हिडिओ घालता येतो, काहूट या क्विझच्या अॅपमध्ये सुरुवात-शेवट सेकंदांसकट लावता येतो, आणि झूमवर चॅटमध्ये वेळेसकट लिंक टाकून 'सगळ्यांनी आपापल्या फोनवर १ मिनिट १५ सेकंदांपासून ऐका' सांगता येतं. गाणं अधिकृत ठिकाणीच वाजतं, तुमच्या व्हिडिओत त्याची कॉपी बनत नाही. यात अडचण एकच, व्हिडिओचं नाव दिसतं, म्हणजे उत्तर फुटतं. म्हणून प्रश्न असा ठेवा की नाव कळून फायदा नाही: दुसऱ्या अंतऱ्याआधी कोणतं वाद्य वाजतं? ताल कोणता आणि तो कुठे बदलतो? कोरसमध्ये कोणता शब्द किती वेळा येतो? लोक अक्षरशः कान लावून ऐकतात, ४० वर्षं ऐकलेल्या गाण्यात सारंगी आहे हे पहिल्यांदा कळतं त्यांना.

हॉल आणि लाइव्ह दोन्ही असेल तर साउंडवाल्या दादांशी आदल्या दिवशी बोला. हॉलच्या स्पीकरला जाणारा आवाज आणि स्ट्रीमला जाणारा आवाज मिक्सरवर वेगळे काढून द्या म्हणावं, स्ट्रीमला फक्त माइक. गाणं वाजताना निवेदकाचा माइक पण पूर्ण बंद, नाहीतर हॉलमधला आवाज त्यातूनच घुसतो. तेवढा वेळ स्ट्रीमवर 'गाणं सभागृहात वाजत आहे' अशी पाटी लावा. लाइव्हसाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर डेस्कटॉप ऑडिओ म्यूट आहे ना हे सुरू करायच्या आधी बघा. आणि मध्यंतर! क्विझ सगळी नीट होते आणि चहाच्या वेळेत कोणीतरी हॉलमध्ये सिनेमाची गाणी लावतं, क्लेम त्याच्यावरच येतो.

झालेल्या क्विझचं रेकॉर्डिंग टाकायच्या आधी प्रायव्हेट अपलोड करा, अपलोडच्या शेवटी 'चेक्स'ची पायरी येते तिथे क्लेम आहे का दिसतं. पब्लिक करण्याआधीच कळलं की कापता येतं.

परवानगी

मागता येते, आणि लोक मागतच नाहीत. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस आहे, १९६९ पासूनची संस्था, कार्यक्रमांचे परवाने देते. रेकॉर्डिंगसाठी त्यांचा परवाना पुरत नाही, तिथे पीपीएलसारखी संस्था किंवा थेट म्युझिक कंपनी. आणि व्हिडिओत घालायचं असेल तर कंपनीला तसं स्पष्ट विचारायचं, नुसतं 'वाजवू का' विचारलं तर उत्तर हॉलपुरतं मिळतं.

ईमेल छोटा ठेवा: आमचं मंडळ अमुक, क्विझ या तारखेला, तिकीट नाही, स्पॉन्सर आहे किंवा नाही, खालील पाच गाण्यांचे प्रत्येकी अमुक सेकंद, या चॅनलवर लाइव्ह आणि नंतर इतके दिवस व्हिडिओ राहील, चॅनलची लिंक ही. गाण्याच्या नावापुढे अल्बम आणि वर्ष लिहा. ४० गाण्यांची यादी पाठवली तर कोणी वाचत नाही. 'हो' आलं तर लेखी घ्या आणि त्याच मेलमध्ये विनंती करा की तुमच्या चॅनलला कन्टेन्ट आयडीमध्ये सूट द्यावी, कारण परवानगी माणसाने दिली तरी मशीनला ते आपोआप कळत नाही.

क्लेम आलाच आहे, आता?

ओरिजिनल गाणं परवानगीशिवाय वाजवलेलं असेल तर वाद घालू नका. यूट्यूब स्टुडिओत त्या क्लेमवर गेलात की तीन पर्याय दिसतात, तेवढा भाग कापा, तेवढं गाणं म्यूट करा, किंवा त्याजागी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत टाका. म्यूट करताना 'फक्त गाणं काढा' हा पर्याय बघा, निवेदकाचं बोलणं वाचू शकतं, दरवेळी नीट जमत नाही पण करून बघायला हरकत नाही. क्विझच्या रेकॉर्डिंगला कापणंच बरं, प्रश्न ऐकू आला नाही तर उत्तराला अर्थ उरत नाही.

'डिस्प्यूट'चं, म्हणजे क्लेम मान्य नाही असं कळवायचं, बटण फक्त हक्क खरोखर तुमच्या बाजूने असेल तेव्हाच दाबा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम निघून जातो, पण त्याने ठरवलं तर व्हिडिओ काढायची रीतसर तक्रार करू शकतो आणि मग स्ट्राइक. 'सगळे करतात' हे कारण लिहून डिस्प्यूट केलेले मी पाहिलेत, कृपा करून नका करू.

पण जिथे तुम्ही बरोबर आहात तिथे मागे हटू नका, हेही तितकंच कळकळीने सांगते. मंडळातल्या काकूंनी स्वतः 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हटली आणि त्यावर एखाद्या रेकॉर्डिंगचा क्लेम आला असं होतं, कारण चाल तीच, टाळ तेच. शब्द समर्थ रामदासांचे, १७ व्या शतकातले, चाल पारंपरिक, गाणाऱ्या काकू आपल्या. तिथे डिस्प्यूट करा आणि कारणात नेमकं लिहा: आरती अमुक मिनिटाला सुरू होते, व्हिडिओत गाणारी व्यक्ती प्रत्यक्ष दिसते, शब्द आणि पारंपरिक चाल कॉपीराइटच्या मुदतीबाहेर आहेत, दावा केलेलं रेकॉर्डिंग आम्ही वापरलेलं नाही. नाट्यगीताच्या जुन्या तबकडीवर आला तर लेखकाचं आणि संगीतकाराचं मृत्यूचं वर्ष, तबकडी निघाल्याचं वर्ष आणि लेबलचा फोटो हाताशी ठेवा. डिस्प्यूट नाकारलं तर अपील करता येतं, त्याला दावेदाराने ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि इथून पुढे स्ट्राइकचा धोका खरा असतो, त्यामुळे अपील करायच्या आधी कागद परत एकदा तपासा. मंडळाचं चॅनल असेल तर कार्यकारिणीला कळवूनच करा, एकट्याने रात्री बसून नको.

पुढच्या क्विझच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना वाढवा: आवाज कुठून आला, कोणाचा, परवानगी किंवा मुदत कशी. आमच्याकडे तो रकाना रिकामा असलेला प्रश्न फायनल यादीत जात नाही.